विळीचा प्रसंग

नाशिकचा रस्ता

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याला लागलेल्या एसटीत चष्मा लावलेली एकटी बाई वळकटी घेऊन बसलेली दिसली, की ती आळंदीलाच निघाली असणार, असं तिकडच्या कंडक्टरांचं पक्कं मत आहे. माझ्या हातात चाकणचं तिकीट होतं. तरी आळंदीचा फाटा आल्याबरोबर कंडक्टरने घंटी मारली, माझी वळकटी स्वतः उचलून खाली ठेवली आणि "सावकाश, माउली" म्हणून हात जोडले. वळकटी खाली गेली म्हणून तिच्या मागोमाग मीही उतरले. मी तोंड उघडायच्या आत गाडी धुरळा उडवत निघून गेली. एरवी वर्गात पन्नास मुलींना एका शब्दात गप्प करणारी मी, पण त्या माणसाच्या भक्तिभावापुढे माझी जीभच उचलली नाही.

पुढची गाडी येईपर्यंत रस्त्याकडेच्या दगडावर बसून राहिले. थंडीचे दिवस होते आणि ऊन हवंहवंसं वाटत होतं, एवढंच त्यातल्या त्यात बरं. आळंदीला जाणाऱ्या तिघा-चौघांनी मला सोबत देऊ केली. मी चाकणला जाते आहे म्हटल्यावर एक आजोबा काळजीच्या सुरात म्हणाले, "चाकणला? तिथं काय हाय? कांदा?"

तिथे माझ्या वडिलांचं अडलेलं काम होतं.

मी अमरावतीची. तिथल्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवते. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, जन्मभर एका कवीच्या मागे लागले आहेत. त्या कवीचं नाव उमानाथ. तुम्ही ते ऐकलं नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, पुण्यातही चार-दोन अभ्यासकांपलीकडे ते कोणी ऐकलेलं नाही. वेदान्त सांगणारे कवी आपल्याकडे काही कमी नाहीत. पण बहुतेकांच्या ग्रंथात गुरू बोलतो आणि शिष्य मान डोलावतो. उमानाथाच्या 'गृहसंवादा'त एक घरकरीण आणि तिच्या घरातल्या वस्तू बोलतात. घागर तिला विचारते, मी रिकामी झाले की आतलं आकाश कुठे जातं? उंबरठा विचारतो, तू आत कुठे संपतेस आणि बाहेर कुठे सुरू होतेस? बाई कामाच्या घाईत असते, वैतागते, उलट उत्तरं देते आणि बोलता बोलता शहाणी होते.

असे बारा प्रसंग. उमानाथाने ते लिहून ठेवले नाहीत. चाकणच्या पलीकडे सावरवाडी नावाचं त्याचं गाव आहे, तिथल्या बारा घरांना त्याने एकेक प्रसंग पाठ करून दिला. ज्याच्या हातची वस्तू, त्याच्या घरी तिचा प्रसंग. घागर कुंभारांकडे, उंबरठा सुतारांकडे, दिवा तेल्यांकडे. शेवटचा प्रसंग विळीचा, तो शिकलगारांकडे. शिकलगार म्हणजे विळ्या-सुऱ्या घडवणारे, त्यांना धार लावणारे मुसलमान कारागीर.

अण्णा तरुणपणी सावरवाडीत जाऊन राहिले होते. घरोघर बसून त्यांनी अकरा प्रसंग उतरवून घेतले आणि बाराव्याची पाळी आली तेव्हा हिवतापाने त्यांना गाठलं. लोकांनी त्यांना बैलगाडीत घालून पुण्याला पोचवलं. मग नोकरी, बदल्या, आमची शिक्षणं. आता पुण्याच्या एका छापखान्यात अकरा प्रसंग जुळून पडले आहेत, आणि आपले छपाईचे खिळे त्यात अडकले म्हणून छापखानेवाला ओरडतो आहे. अण्णा बाराव्यावाचून छापू देत नाहीत. "तुम्हीच रचून घाला की, कोणाला कळतंय," असं म्हणणाऱ्या एका जुन्या स्नेह्याशी त्यांनी बोलणं टाकलं. त्यात त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि वयही झालेलं. घरात कोणी उघड बोलत नव्हतं, पण सगळ्यांच्या पोटात भीती एकच होती, की हे पुस्तक त्यांच्या हयातीत होणार की नाही. त्यांना प्रवास झेपणारा नव्हता. म्हणून मी शाळेतून रजा काढली.

सावरवाडी

चाकणच्या बाजारात कांदा सोडून दुसरं काही विकत असतील तर ते मला दिसलं नाही. सावरवाडीला परत निघालेल्या एका गाडीवानाने रिकाम्या पोत्यांवर जागा करून दिली. त्या प्रवासानंतर माझ्या लुगड्यांचा कांद्याचा वास अमरावतीच्या धोबिणीच्या हातून दोनदा जाऊनही पुरता गेलेला नाही.

"कुठल्या म्हनायच्या तुमी?" गाडीवानाने विचारलं.

"अमरावतीची."

"ते कंच्या राज्यात?"

"मध्य प्रदेशात," मी म्हटलं. सध्या आमचं वऱ्हाड सरकारी कागदांवर तिकडेच आहे, त्याला मी काय करणार?

त्याने वळून मला नीट पाहिलं. "मग मराठी लई झ्याक बोलता की!" एवढं कौतुक माझं कोणत्याही शिक्षणाधिकाऱ्याने केलेलं नाही.

अण्णांच्या ओळखीचं नाव एकच उरलं होतं, गोदाबाई कुंभारीण. घागरीचा प्रसंग तिच्या घरचा. सत्तरीची, काटक, बोलायला फटकळ. अण्णांचं नाव सांगितल्याबरोबर तिने मला हाताला धरून आत नेलं. "त्यो तापानं फनफनलेला मास्तर? जगला व्हय?" असं म्हणून ती मनापासून हसली, आणि सावरवाडीत होते तोवर मी तिच्याच घरी राहिले.

आमच्याकडे ज्वारीची भाकरी, इथे बाजरीची. पहिल्या घासाला ती घशात अडखळते, तिसऱ्या घासाला आवडायला लागते. तिखटाबद्दल मात्र मला पुण्यात फार घाबरवलं होतं. ते तिखट खाऊन मी पिशवीतली आमची वऱ्हाडी मिरचीची चटणी काढली आणि गोदाबाईला चाखायला दिली. तिने बोटभर घेतली, पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "तरीच तुझा बाप तापला."

मी लगेच कामाचं काढलं. शिकलगारांचं घर कुठलं? तिने शेजारच्या दाराकडे बोट दाखवलं. दाराला कुलूप होतं आणि कुलपाला गंज.

"म्हातारा वारला. पोरगा हसन पिंपरीला गेला, कारखान्यात. झाली दोन-तीन वर्सं."

"मग विळीचा प्रसंग?"

तिचा चेहरा एकदम करडा झाला. "त्यो आमचा न्हाई," ती म्हणाली आणि चूल सारखी करायला लागली. सुतारांकडे विचारलं, तेल्यांकडे विचारलं. सगळीकडे तेच उत्तर, तेवढ्याच शब्दांत. त्या रात्री मला झोप लागली नाही. प्रसंग गेला, असंच मी धरून चालले होते. ही बातमी अण्णांना कोणत्या तोंडाने सांगायची, हे काही सुचेना.

पौर्णिमा

पौषातली पौर्णिमा म्हणजे शाकंभरी. आमच्याकडे या दिवशी देवीपुढे जमतील तेवढ्या भाज्यांचा नैवेद्य असतो. सावरवाडीत त्याच दिवशी 'गृहसंवाद' होतो. सकाळीच सगळं गाव उमानाथाच्या, म्हणजे त्यांच्या नाथबाबाच्या, ओट्यापुढे जमलं. बायकांनी टोपल्या भरून भाज्या आणल्या होत्या. वांगी, घेवडा, पावटा, गाजरं आणि हा एवढा लाल भोपळा. मी मनातल्या मनात जेवायला बसलेसुद्धा.

एकेका घरातून एक माणूस पुढे यायचा, आपली वस्तू मांडायचा आणि आपला प्रसंग म्हणायचा. बाकीच्यांनी फक्त हुंकार द्यायचा. ओठ हलवायचे नाहीत, हा नियम. दुसऱ्याच्या प्रसंगाला कोणी नकळतसुद्धा सूर धरत नाही. म्हणणारा अडखळला तर सगळे थांबतात, पण शब्द पुरवत नाहीत. आमच्या भजनात एक चुकला तर दहाजण त्याच्यावर ओरडतात, तेव्हा मला याचं फार नवल वाटलं. गोदाबाईने घागर अशी काही म्हटली, की अण्णांच्या स्वच्छ अक्षरात वर्षानुवर्षं वाचलेल्या ओव्या मी पहिल्यांदाच ऐकते आहे असं वाटलं.

अकरा प्रसंग झाले. मग गोदाबाई उठली, एक विळी आणून तिने मधोमध मांडली आणि जागेवर जाऊन बसली.

कोणी बोललं नाही. सगळं गाव त्या विळीकडे बघत गप्प बसलं. कोणी खोकलं नाही, कोणी उठलं नाही. मी आधी ते दुःखाचं मौन समजले आणि मलाही रडू यायला लागलं. तेवढ्यात समोरच्या सुताराच्या मिशीखाली हसू आलं. मला राग आला. बघते तर शेजारची तेलीण गालात हसत होती, तिच्या पलीकडचा म्हातारा हसत होता, आणि गोदाबाईने तोंडाला पदर लावला होता. ते हसू सगळ्यांच्या तोंडावर एकाच क्षणी आलं आणि एकाच क्षणी गेलं. पुन्हा बराच वेळ शांतता. मग कोणी खूण केली नाही, कोणी काही बोललं नाही, आणि सगळेच्या सगळे एकदम उठले.

तेव्हा कुठे मला उमगलं. ही माणसं गप्प बसली नव्हती. सगळा प्रसंग मनातल्या मनात म्हणून झाला होता!

मी गोदाबाईला गाठलं. "काकू, तुम्हाला येतो तो प्रसंग!"

"न यायला काय झालं? जलमभर ऐकलाय."

"मग म्हणाला का नाहीत?"

"आमचा न्हाई म्हून सांगितलं की तुला. शेजारी घरात नसताना त्याचं भांडं आपन उचलतो का?"

"मला एकटीला सांगा. मी लिहून घेते, कोणाला कळणार नाही."

"नाथबाबाला कळंल," ती म्हणाली. मग हळू आवाजात पुढे बोलली, "गाव सोडून जानाऱ्यानं आपला प्रसंग कुनाच्या तरी वटीत नारळासंगं घालायचा. 'सांभाळ' म्हनायचं. म्हंजी मग त्यो त्याचा. हसन न सांगता गेला. मांडीवर खेळवलेलं पोर, पर आमच्यावर इस्वास न्हाई त्याचा." एवढं बोलून तिने तोंड फिरवलं. ती चिडलेली नव्हती, तिला लागलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

जेवायला कोरडी भाकरी आणि चटणी. टोपल्यांतल्या भाज्या जशाच्या तशा परत निघाल्या. विळीचा प्रसंग म्हणून झाल्याशिवाय त्या दिवशी भाजी चिरायची नाही, अशी रीत. हसन गेल्यापासून सावरवाडीने शाकंभरीला भाजी खाल्ली नव्हती. तो भोपळा परत जाताना बघून मला त्या न पाहिलेल्या हसनचा भयंकर राग आला.

पिंपरी

चाकणहून गाडीने नाशिक फाट्यापर्यंत आले आणि तिथून टांगा केला. पिंपरीत अजून पेरूच्या बागा आहेत आणि बागांच्या मधूनमधून कारखान्यांच्या भिंती उभ्या राहत आहेत. एका बाजूला सिंधी निर्वासितांची वसाहत. तिथे दुकानांच्या पाट्यांवरची लिपी मला वाचता आली नाही, पण तळलेल्या पापडांचा वास चांगला कळला. वाकडकडून डोक्यावर भाजी घेऊन आलेल्या बायका त्या सिंधी बायकांशी खाणाखुणांनी घासाघीस करत होत्या, आणि दोन्हीकडच्या बायकांना वाटत होतं की आपणच जिंकलो. तेवढ्यात भोंगा झाला आणि औषधांच्या नव्या कारखान्यातून माणसांचा लोंढा बाहेर पडला. इतकी माणसं घड्याळावर चालताना मी पहिल्यांदाच पाहिली.

हसन त्या कारखान्यात फिटर होता. पत्र्याच्या छपराच्या खोल्यांच्या ओळीत त्याचं घर सापडलं. चाळिशीचा, उंच, हातांना तेलाचा वास. बायकोचं नाव जैनब. कोण, कुठली, काही न विचारता तिने आधी चहा ठेवला. मी भांडायच्या तयारीने गेले होते, पण त्या चहाने माझा पहिला वार फुकट गेला.

"सावरवाडीहून आले," मी म्हटलं.

दोघं एकमेकांकडे बघायला लागली.

"काकी बरी आहे ना?" हसनने विचारलं.

"बरी आहे. तुमच्यावर रागावली आहे. तुम्ही नारळ न देता निघून आलात."

तो सांगायला लागला. "कारखान्यातून सांगावा आला, बाई, की उद्याच्या उद्या हजर व्हा. नारळ घेऊन मी काकीच्या दारात गेलो होतो. कुलूप! सगळी गल्ली खेडला लग्नाला गेलेली. मग म्हटलं, पौर्णिमेला जाऊन देऊ. तर पौर्णिमेला शिफ्ट लागली. मग कुणीतरी सांगितलं, काकी रागावलीय. मग..." तो अडखळला. "मग वाटलं, त्यांनी प्रसंग दुसऱ्या कुणाला देऊन टाकला असंल. माझं नाव काढून टाकलं असंल. न बोलावता कशाला जायचं तोंड दाखवायला?"

"देऊन कोणाला टाकणार? तुमची विळी मांडतात, हसनभाई. आणि सगळं गाव तुमचा प्रसंग संपेपर्यंत गप्प बसतं. तुम्ही गेल्यापासून त्या दिवशी तिथे भाजी चिरलेली नाही."

"अजून?" जैनब म्हणाली.

हसन उठून दारात जाऊन उभा राहिला. पाठमोरा होता, पण त्याचे खांदे दिसत होते. मी इतका वेळ पाठ केलेलं भांडण विसरून गेले आणि मलाच कसंतरी झालं. एक कुलूप आणि एक शिफ्ट, एवढ्यावरून दोन्हीकडची भली माणसं एकमेकांच्या निरोपाची वाट बघत रुसून बसली होती!

जैनबने जेवल्याशिवाय सोडलं नाही. खरं सांगते, मुसलमानाच्या घरी जेवायची माझी ती पहिलीच वेळ. आईला कळलं तर, असा विचार मनात येऊन गेला. तेवढ्यात जैनबने सासऱ्यांच्या हातची विळी पुढे ओढली आणि वांगी चिरायला घेतली. त्या विळीचा सरसर आवाज ऐकून मला इतकं घरच्यासारखं वाटलं, की आईचा विचार मागेच पडला. वांग्याची भाजी झकास होती, आणि तिखट आमच्या जवळपास जाणारं.

"रविवारी येतो," हसन म्हणाला. "पण बाई, एक सांगू? मला तो सगळा येत नाही आता. निम्म्यावर जातो आणि तुटतो."



राहिलेला दिवस

मधले दिवस मी पुण्यात काढले. रविवारी सकाळी हसन आणि जैनब मला नाशिक फाट्यावर भेटले. हसनच्या हातात नारळ होता. गाडीत तो खिडकीकडे तोंड करून पुटपुटत होता. बाई विळीवर बसली, विळीने पहिला प्रश्न विचारला, बाईने उलटून उत्तर दिलं, आणि मग तो थांबायचा. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तिथेच. मोशी गेली, चाकण आलं, आणि तो त्याच ओवीवर अडलेला. हा सगळ्या गावासमोर अडला तर कोणी शब्द देणार नाही, आणि हा लाजेने पुन्हा कधी गावात पाऊल टाकणार नाही. म्हणजे अण्णांचा प्रसंग कायमचा गेला.

गावात शिरताना मला दुसरीच शंका आली. पौर्णिमा तर होऊन गेली होती. गोदाबाई दारातच मडकी उन्हात मांडत होती. तिने हसनला पाहिलं आणि मडकं खाली ठेवलं.

"काकी, पौर्णिमा चुकली," हसन म्हणाला.

"कशानं चुकती? प्रसंग व्हायचा राहिलाय, म्हंजी दीस बी राहिलाच," ती म्हणाली आणि लोकांना बोलवायला निघून गेली. मोठमोठ्या पंचांगकर्त्यांना हा निकाल देता आला नसता.

ओट्यापुढे गाव जमलं. बायकांनी पुन्हा टोपल्या आणल्या, पण झाकलेल्या. हसनने विळी मांडली आणि म्हणायला सुरुवात केली. त्याचा आवाज चांगला भरदार होता. त्या दिवशी न ऐकलेलं मी आता ऐकत होते. बाई म्हणते, मी भाजी चिरते आहे. विळी म्हणते, असं होय? मी तर जागची हलले नाही. आणि मग सगळं गाव ज्या जागी मुकाट्याने हसलं होतं, ती ओवी आली:

तूं दाबिसी, मी उभी ।
भोपळा फिरे दोघींमधीं ।
कापिलें कोणीं, सांग आधीं ।
मग शिजवीं भाजी ॥

या वेळी गाव मोठ्याने हसलं. हसनही हसला, पुढच्या दोन ओव्या त्याने झोकात म्हटल्या, आणि तो तुटला.

तो पहिल्यापासून म्हणाला नाही. तसाच उभा राहिला, कपाळावर घाम. समोर शंभर माणसं बसलेली, प्रत्येकाला पुढचा शब्द येतो आहे, आणि प्रत्येकाने ओठ आवळून धरले आहेत. तेलिणीने तर तोंडावर हात दाबला होता. मला ओरडून सांगावंसं वाटलं, सांगा हो त्याला कोणीतरी! जैनबने माझा दंड धरला होता, तिची नखं रुतली ती मला नंतर कळली.

हसनने खाली ठेवलेला नारळ उचलला. चार पावलं चालत गोदाबाईसमोर गेला आणि गुडघ्यावर बसला.

"काकी, तवा दाराला कुलूप होतं."

"आरं मग कडीला बांधून जायाचं," ती म्हणाली. आवाज करडा होता आणि डोळे वाहत होते.

"चुकलं."

"नुसता नारळ घेऊ का? काय म्हनत्यात ते म्हन."

"सांभाळ, काकी," हसन म्हणाला आणि नारळ तिच्या ओटीत ठेवला.

गोदाबाईने तो दोन्ही हातांनी घट्ट धरला, आणि बसल्या जागेवरून, हसन जिथे तुटला होता नेमकं तिथून, म्हणायला लागली. एक श्वाससुद्धा मध्ये गेला नाही. इतकी वर्षं घशाशी येऊन थांबलेले शब्द ते, वाटच बघत होते. बाई विळीला विचारते, मग तुला धार कोणी लावली? आणि तिथून प्रसंग कुठल्या कुठे जातो ते पुस्तकात वाचा, माझ्या गद्यात ते मावणार नाही. शेवटच्या ओवीपाशी ती थांबली आणि हसनकडे बघून म्हणाली, "ही तूच म्हन. आता आटवंल." आणि त्याला आठवली.

पुढचं मला नीट सांगता येत नाही, कारण मी रडत होते. एवढं आठवतं, की घराघरातून विळ्या बाहेर आल्या आणि ओट्यापुढे नुसती सरसर सुरू झाली. एक विळी माझ्याही पुढे आली. मी चिरलेल्या भोपळ्याच्या फोडींना सावरवाडीच्या बायका हसल्या. अमरावतीत एवढ्या मोठ्या फोडी करतात, असं मी ठोकून दिलं. त्या मोठ्या कढईतली भाजी मी तीनदा वाढून घेतली.

दुपारी हसन आणि गोदाबाईने मिळून सगळा प्रसंग सावकाश सांगितला आणि मी लिहून घेतला. मधूनच एका शब्दावरून दोघांचं भांडण झालं, आणि ते ऐकताना मला फार बरं वाटलं. छापायची परवानगी विचारली तर गोदाबाई म्हणाली, "छाप की. कागदाला काय शिफ्ट न्हाई, त्यो गाव सोडून जायाचा न्हाई. फक्त त्यात लिव्ह, इळी शिकलगारांच्या घरची."

"तुझ्याकडं दिली ना आता?" हसन म्हणाला.

"सांभाळायला दिलीस. इकली न्हाईस."

अमरावती

मी परतले तोवर अण्णांच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली होती. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोकं हलू नये म्हणून दोन्हीकडे वाळूच्या पिशव्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, खोकायचं नाही, रडायचं नाही, हसायचं नाही. आईने मला दारातच अडवलं. पट्टी निघेपर्यंत पुस्तकाचं अवाक्षर काढायचं नाही, चांगली वा वाईट कुठलीच बातमी सांगायची नाही.

पण आतून आवाज आला, "मिळाला का गं?"

"मिळाला," मी म्हटलं. त्या एका शब्दाने त्यांचे आखडलेले हात पांघरुणावर सैल पडले, ते मी पाहिलं.

"वाच. मी रडणार नाही."

मी उशाशी बसून वाचायला लागले. ते जिवाचे कान करून ऐकत होते. आणि भोपळ्याची ओवी आली तेव्हा अण्णा हसले. गालातल्या गालात नाही, चांगले खदखदून. आईने मला आणि त्यांना दोघांनाही फैलावर घेतलं, डॉक्टरांना बोलवा म्हणाली, वाळूच्या पिशव्या पुन्हा सारख्या केल्या. अण्णा म्हणाले, "असू दे गं. जन्मभर मी समजत होतो, शेवटचा प्रसंग म्हणजे मोठी गंभीर समाधी असणार. प्रस्तावनेत तसं लिहूनही ठेवलंय. फाडून टाक ती. नवी सांगतो, घे लिहून."

नवी प्रस्तावना एका पानाची झाली. पहिल्या वाक्यात सावरवाडीची बारा घरं आली, आणि शिकलगार आले. वाचून दाखवली तेव्हा त्यांनी एक शब्दही बदलला नाही, हे आमच्या घरात कधी घडलेलं नाही. मग त्यांनी लेखणी मागितली. मी फळीवर कागद धरला, त्यांचा हात कागदाच्या तळाशी नेऊन ठेवला. पट्टीखालून त्यांना काही दिसत नव्हतं. त्यांनी सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं करत, आपलं पूर्ण नाव लिहिलं. नाव कागदावर सुरू झालं, फळीच्या काठावरून उतरलं आणि आडनाव चादरीवर गेलं.

"झाली सही?" त्यांनी विचारलं.

"झाली, अण्णा."